चौदा नंबरचा वाकडा पाना

४ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

नमस्कार. या पत्रासोबतच्या खोक्यात खाऊ नाही, हे आधीच सांगते. नाहीतर सगळ्यांसमोर उघडशील आणि मग मला नावं ठेवली जातील. आत एक तुटका पाना आहे. चौदा नंबरचा, रिंगवाला, तुमच्याच कारखान्याचा. दांड्यावर तुमचा शिक्का आहे आणि त्याखाली 'जन्मभर हमी' अशी अक्षरं आहेत. निम्मी माझ्या हातानं झिजली, पण उरलेली कुणालाही वाचता येतील.

काल बेकरीवाल्याचं पीठ मळायचं यंत्र दुरुस्त करताना रिंग टचकन चिरली आणि तिचा तुकडा उडून मैद्याच्या पोत्यात पडला. बेकरीवाल्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच पोत्यात उडी मारली. बिचाऱ्यानं अख्खं पोतं चाळलं. तुकडा मिळाला, तोही पाठवलाय. मैदा लागलेला आहे, घाबरू नकोस.

तुमच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं, 'तुटलं ते द्या, नवं न्या, प्रश्न विचारणार नाही.' बदली खिडकीवर तूच बसतेस, म्हणजे प्रश्न विचारलेच तर तूच विचारणार. तेव्हा विचारू नकोस. नणंदेचा एवढा तरी मान ठेव. पाना बराच वापरलेला दिसेल, पण वापरायलाच घेतला होता. आणि जरा लवकर पाठव. यंत्र अर्धवट उघडून पडलंय आणि बेकरीवाला हातानं पीठ मळतोय. तो स्वभावानं गरीब आहे, पण त्याचे दंड गरीब नाहीत.

आणि हो, दादाला यातलं काही कळवू नकोस. नऊ वर्षं झाली. तुला सगळं पाठ आहे, तरी मी परत सांगणार, कारण सांगितलं की मला बरं वाटतं. आम्ही दोघांनी मिळून हे दुकान उभं केलं. त्यानं एके दिवशी कारखान्यातली नोकरी धरली. धरू दे, पण जाताना गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "बघू या, एकटीनं किती दिवस ओढतेस." मी म्हटलं, "तू बघायला नसशील तर जास्तच दिवस ओढेन." मग हत्यारांची वाटणी. पान्यांचा एकच संच होता. रागाच्या भरात त्यानं सम आकडे मला दिले आणि विषम स्वतः घेतले. असा संच कुणी वाटतं का गं? आठ, दहा, बारा, चौदा माझ्याकडे. नऊ, अकरा, तेरा त्याच्याकडे. दोघंही लंगडे.

तो निवृत्त झाल्यावर तरी दोन ओळी टाकेल असं वाटलं होतं. नाही टाकल्या. मीही नाही टाकणार. सकाळी शटर उघडलं की अजून वाटतं, आत तो खोकतोय. असो.

तुझी,
नणंद


११ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

खोकं मिळालं. मैदाही मिळाला, माझ्या काळ्या साडीवर. नवा पाना सोबत आहे. प्रश्न विचारले नाहीत, मान ठेवला.

तसे इथे प्रश्न विचारायची सोयच नसते. परवा एक गृहस्थ नुसता हातोडीचा दांडा घेऊन आले. म्हटलं, वरचं डोकं कुठंय? तर म्हणे, "ते चांगलं आहे, घरी ठेवलंय." एका बाईंनी पेचकस आणला, टोक चमच्यासारखं चपटं झालेलं. त्यानं तीन वर्षं रंगाचे डबे उघडले होते. वर म्हणाल्या, "पेच मात्र एकदाही फिरवला नाही हो, शपथेवर सांगते." अशा लोकांपुढे तू म्हणजे देवमाणूस.

पण तुझा पाना पाहून मला धक्काच बसला. रिंग तुटली ते एक वेळ समजू शकते. दांडा किती वाकलाय! चांगलं जाडजूड पोलाद, आणि मधोमध मुरडून वर पुन्हा एकदा बाजूला वळलेलं. नुसत्या हाताच्या जोरानं पाना असा वाकत असेल तर आमचा माल काय लायकीचा? मला तुझ्यासमोर लाज वाटली गं. एवढी वर्षं आम्ही छाती पुढे काढून हमी देतो, आणि माझ्याच नणंदेच्या हातात अशी वस्तू! मी गप्प बसले नाही. पाना भंगारपेटीत न टाकता चांगली खरमरीत चिठ्ठी जोडून थेट मोठ्या साहेबांकडे वर पाठवला. पोलादाची तपासणी झालीच पाहिजे असं लिहिलं. तुझ्यासाठी एवढं तरी करायलाच हवं होतं.

यांना काही सांगितलं नाही. सांगून काय उपयोग? निवृत्त झाल्यापासून घरात इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. माझ्या चहाला नावं ठेवतात. चाचणी विभागात वर्षं काढलेला माणूस, घरात तपासायला दुसरं काही नाही. मग चहाच तपासतात. तुझं नाव काढत नाहीत. पण टपालवाला जिन्यात आला की वर्तमानपत्र खाली जातं. आणि ते विषम आकड्यांचे पाने पलंगाखाली आहेत. दर रविवारी बाहेर काढतात, तेल लावतात आणि परत ठेवतात. त्या पान्यांनी आजवर एक नट फिरवलेला नाही.

मला देवाकडे दुसरं काही मागायचं नाही. तुम्हा दोघांपैकी एकानं एकदा तोंड उघडावं, बस. दोघांचा निरोप्या होऊन माझे पाय दुखायला लागले. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, आणि या घरात तर दोन सुंभ आहेत.

तुझी,
वहिनी


१६ ऑक्टोबर

अगं वहिनी,

काय केलंस हे! तो पाना वाकलेला नव्हता. वाकवलेला होता!

नीट बसून वाच. बेकरीवाल्याच्या यंत्रात गिअरच्या पेटीमागे एक नट आहे. ज्यानं हे यंत्र बनवलं त्याला तो नट नंतर कधी कुणी काढेल हे सुचलंच नसावं. सरळ पाना तिथे जातच नाही, दांडा पेटीवर आपटतो. खूप वर्षांपूर्वी दादानं एक दुपार यंत्राखाली आडवं पडून मोजमाप घेतलं, पाना भट्टीत लाल केला, ऐरणीवर दोन ठिकाणी मुरडला आणि पाणी दिलं. तेव्हापासून तो नट फक्त त्या पान्यानं निघतो. वाटणीत चौदा नंबर सम निघाला म्हणून माझ्याकडे आला, नाहीतर तोही पलंगाखाली तेल पीत बसला असता.

तुला हे लिहिलं नाही, कारण तुमच्या नियमात 'तापवलेलं, वाकवलेलं, घासलेलं हत्यार बदलून मिळणार नाही' असं आहे, आणि मला वाटलं तू ओळखशील आणि डोळेझाक करशील. तू तर न ओळखता डोळे फाडून पाहिलंस आणि साहेबांकडे पाठवलंस! तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आलं धुपाटणं. धुपाटणं चकाकतंय फार सुंदर, पण काडीच्या उपयोगाचं नाही.

तुझा नवा पाना मी स्वतः वाकवून पाहिला. पहिला वाक बरा आला, दुसऱ्याला मोडला. मोडलेला परत पाठवत नाही, काळजी नको. एवढी कोडगी मी नाही. बेकरीवाला म्हणतो, महिन्याअखेरपर्यंत झालं नाही तर यंत्रच नवं घेईन, त्यांचा माणूस येऊन दुरुस्त करतो. माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक आहे गं ते.

तो तुटका पाना कसाही करून परत मिळव. निदान दांडा दे, माप तरी घेईन.

तुझी,
हतबल नणंद

ता. क. दादाला विचार असं सुचवू नकोस. मला माहीत आहे तू आत्ता तेच म्हणत असशील.


२७ ऑक्टोबर

वन्सं,

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते काय, हे मला आता नीट समजलंय. वाच आणि हस, पण मी समोर नाही म्हणून जोरात हसू नकोस.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी वर गेले, म्हटलं चिठ्ठी मागे घ्यावी. वर पाहते तर काय! साहेबांच्या टेबलावर पांढऱ्या कापडावर तुझा पाना, आजूबाजूला तीन तरुण इंजिनियर, एकाच्या हातात भिंग. त्यांनी दांड्याचा कीस काढून तपासून घेतला होता. पोलाद चोख निघालं, म्हणून सगळे जास्तच घाबरले होते. चोख पोलाद असं वाकतं कसं? साहेब म्हणाले, "आपल्या चाचणी विभागातल्या जुन्या माणसाला बोलवा." जुना माणूस म्हणजे कोण, ते तू ओळखलंस.

हे आले. इस्त्रीचा शर्ट एकदाचा कामी आला. मी भिंतीशी उभी, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालेलं. यांनी पाना उचलला. एकदा उलटा केला, एकदा सुलटा केला. मग अंगठा त्या पहिल्या वळणावर ठेवला आणि तिथंच राहू दिला. आणि वन्सं, हे हसले. खदखदून नाही, पण दात दिसले.

"साहेब, पोलाद उत्तम आहे," म्हणाले. "हा वाकलेला नाही. वाकवलाय."

"कशावरून?"

"वाकवणारा मी आहे म्हणून."

तिघा इंजिनियरांनी मिळून माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. साहेबांना आधी राग आला, मग ते विचारायला लागले, वाकवून किती वर्षं झाली, कुठल्या कामाला, कसं पाणी दिलंत. शेवटी म्हणाले, एवढा मुरडूनही इतकी वर्षं टिकला, म्हणजे ही तर आपली शोभा आहे. पाना त्यांनी काचेच्या कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात टाकली. तेव्हा तो आता परत मिळायचा नाही. मला मात्र सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, खिडकीवर बसून तुम्हाला वाकलेलं आणि वाकवलेलं ओळखता येत नाही?" मी म्हटलं, "साहेब, घरातले दोन ओळखते, त्यातच जन्म चाललाय." हे साहेबांना कळलं नाही, यांना कळलं.

घरी येताना वाटेत मी सगळं सांगून टाकलं: बेकरी, नट, मोडलेला नवा पाना, सगळं. यांनी फक्त विचारलं, "ती अजून तोच नट काढते?" आणि पुढच्या दुकानातून एक चौदा नंबरचा विकत घेतला.

मग दोन दिवस माझ्या स्वयंपाकघराचा कारखाना झाला. फ्रीज भिंतीपासून ओढला, कारण म्हणे गिअरची पेटी साधारण एवढीच. त्याच्या मागे हात घालून, डोळे मिटून, हवेत नट फिरवत बसले. मी विचारलं, "काय करताय?" तर म्हणाले, "बोलू नकोस, हात आठवतोय." गॅसवर पाना लाल होईना, तेव्हा पलीकडच्या वेल्डिंगवाल्याची भट्टी उसनी घेतली. दुसऱ्या खेपेला मनासारखा झाला. शर्टाला भोक पडलं. इतकं खूश मी त्यांना निवृत्तीच्या दिवशीसुद्धा पाहिलं नव्हतं.

पाना सोबत आहे. पत्र लिहा म्हटलं तर लिहीत नाहीत. मी खूप भांडले, तेव्हा एवढाच निरोप दिला, शब्दाला शब्द लिहिते: "तिला सांग, बसला तर कळवायची गरज नाही. नाही बसला तर कळव."

मी कपाळाला हात लावला. तुमच्या दादाला माझा नमस्कार.

तुझी,
वहिनी


२ नोव्हेंबर

ती. दादास,

नमस्कार.

पाना मिळाला. बसत नाही.

दुसरं वळण जरा जास्त झालंय असं वाटतं. किंवा पहिलं कमी झालंय. मला नीट सांगता येत नाही, तिथे पडून पाहायला हवं. माझा हातही आता पूर्वीसारखा बारीक राहिलेला नाही, त्यामुळे माप बदललं असेल. पत्रातून माप कळवणं कठीण आहे.

बेकरीवाला खोळंबलाय.

तुझी बहीण


६ नोव्हेंबर

चि. ताईस,

आशीर्वाद.

पत्र मिळालं. दुसरं वळण जास्त झालेलं नाही. पहिलं कमी झालेलं नाही. मी वाकवताना घाई करत नाही, हे तुला माहीत असायला हवं. नटाभोवती पीठ साचून घट्ट झालं असेल, ते आधी खरवडलंस का? खरवडलं नसशील.

वाकवलेल्या पान्याला कारखान्याची हमी नसते. मी वाकवलेल्याला माझी असते. शनिवारी सकाळच्या गाडीनं येतो. पानाही बघतो आणि तुझा हातही.

स्टेशनवर कुणाला पाठवू नकोस. दुकान कुठे आहे ते मला माहीत आहे.

तुझा दादा


१४ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

आता तुला सगळं सांगायला हवं, नाहीतर दादा आधी सांगेल आणि त्यात मीठमसाला नसेल.

पाना बसला होता. तुझं खोकं उघडलं त्याच सकाळी बेकरीत गेले, हात मागे घातला, आणि पाना नटावर असा जाऊन बसला की मला हुंदकाच आला. नऊ वर्षं त्यानं ते यंत्र पाहिलंसुद्धा नव्हतं गं! दुपारपर्यंत यंत्र चालू, बेकरीवाला खूश. मी मात्र यंत्राशेजारी मैद्याच्या पोत्यावर बसून राहिले. बसला तर कळवायची गरज नाही म्हणाला होता ना? मग काय करणार? घरी गेले आणि बसत नाही म्हणून कळवलं. जन्मात इतकं ठसठशीत खोटं मी लिहिलं नव्हतं.

त्याचं उत्तर आलं आणि माझी गाळण उडाली. मी बेकरीवाल्याला म्हटलं, "शनिवारी जरा यंत्र बंद ठेवा, बिघडल्यासारखं." तो म्हणाला, "शनिवारी? दोन लग्नांची ऑर्डर आहे. तुमच्या भावासाठी मी वऱ्हाड उपाशी ठेवू?" म्हटलं, बरं, आधी दुकानात बसवून चहा पाजू, तोवर ऑर्डर संपेल. पण दादा कसला बसतोय! दुकानासमोर उभा राहिला, पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाला, "जाड झालीस." मी म्हटलं, "तू वाळलास." नऊ वर्षांनंतरची आमची भेट एवढीच. पिशवी बाकावर टाकून थेट बेकरीकडे चालायला लागला. मी मागून पळतेय.

बेकरीच्या दारातच तो थांबला. आत यंत्र धडधडत होतं. बेकरीवाला कोपरापर्यंत पांढरा होऊन धावत आला आणि म्हणाला, "या, या! अहो, काय पाना वाकवलात! ताईंनी एका झटक्यात नट काढला की!"

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी भट्टीतल्या पावांकडे पाहिलं.

वाटलं, आता उसळणार, आल्या पावली गाडी पकडणार. पण तो घाणा संपेपर्यंत स्टुलावर बसून राहिला, दोन गरम पाव खाल्ले, मग यंत्र बंद करायला लावून पेटीमागे हात घातला. "सैल आहे," म्हणाला. सैल नव्हता, वहिनी. मी स्वतः आवळला होता. पण त्यानं नट काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि मी दिवा धरून शेजारी बसले होते. "दिवा हलवू नकोस," असं दोनदा ओरडला.

तेव्हापासून आम्ही रोज भांडतोय. मी भिंतीवर हत्यारं आकारानं लावली आहेत, तो म्हणतो कामानं लावायला हवीत. त्यानं सगळी काढून पुन्हा टांगली. आता मला पक्कड सापडत नाही आणि त्याला आनंद होतो. गिऱ्हाइकांना माझ्या देखत सांगतो, "ही घाई करते." आणि मी आत गेले की त्यांनाच सांगतो, "एकटीनं ओढलं हो हिनं सगळं." दुकानाचं दार पातळ आहे, हे त्याला आठवत नाही. मी आतल्या आत डोळे पुसते आणि बाहेर येऊन त्याच्या चहाला नावं ठेवते. चहा तो करतो. वाईट करतो. तुझ्या चहाला नावं ठेवायचा त्याला काही अधिकार नाही, हे माझं मत लेखी घे.

काल शटर ओढताना मला राहवलं नाही. विचारलं, "दादा, मी खोटं लिहिलं हे तुला बेकरीत गेल्यावरच कळलं ना?"

तो कुलूप लावत होता. म्हणाला, "मी वाकवलेला पाना आणि बसणार नाही? पत्र वाचतानाच कळलं."

"मग एवढ्या लांब आलास कशाला?"

त्यानं कुलूप दोनदा ओढून पाहिलं. मग म्हणाला, "तुझं पत्र आलं म्हणून."

वहिनी, त्याचे दोन शर्ट आणि रोजच्या गोळ्या पाठवून दे. इस्त्रीचे नकोत, साधे पाठव. आणि सुट्टी मिळाली तर तूच घेऊन ये. तो इतक्यात परत येईल असं काही दिसत नाही.

तुझी,
नणंद